क्लास लावा, पण लिफ्टमधल्या साहेबांचं काय?

ताई,

वय 41. विक्रोळीला कन्नमवार नगरात राहते, मरोळला एका कंपनीत अकाउंट्सला आहे. महिनाअखेरीला निघायलाच नऊ-साडेनऊ होतात. मेट्रोने घाटकोपर, तिथून स्लो गाडी, विक्रोळीला उतरून शेअर रिक्षा. गेल्या महिन्यात घाटकोपरच्या पुलावर गर्दीत एकाने मागून हात लावला. मी ओरडलेसुद्धा नाही, नुसती उभी राहिले. वळून बघेपर्यंत तो कुठल्या कुठे गेला. घरी येऊन रडले. त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग जास्त आला. आमच्याकडे पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार कराटेचा क्लास असतो. सर म्हणतात, तीन-साडेतीन वर्षांत ब्लॅक बेल्ट. मिस्टर हसतात, "या वयात कराटे?" गुडघाही कुरकुरतो. मैत्रीण म्हणते, कराटे जुनं झालं, दोन दिवसांचं क्राव मागाचं शिबिर कर. खरंच वेळ आली तर कराटे उपयोगी पडतं का? आणि किती दिवसांत? (ऑफिसात एक साहेब लिफ्टमध्ये खांद्यावर, पाठीवर हात ठेवतात, पण ते वेगळं. माझा प्रश्न रस्त्यावरचा आहे.)

— नाव छापू नये, विक्रोळी

कंसात टाकलेल्या ओळीवर मी येणारच आहे. आधी तुम्ही विचारलंय त्याचं बोलू.

पुलावर तुम्ही उभ्या राहिलात त्याचा राग स्वतःवर काढू नका. अचानक असं काही झालं की शरीर आधी थिजतं. हे आपल्या हातात नसतं आणि त्याचा धीटपणाशी काही संबंध नाही. चांगल्या तालमीतली माणसंसुद्धा पहिला क्षण गमावतात. सरावाने फार तर तो क्षण आखूड होतो. तोंडातून आवाज निघायचा तर त्याची सवय अंगात आधीपासून असावी लागते, आणि आपल्याकडे मुलीला लहानपणापासून सवय लावतात ती नेमकी उलटी: हळू बोल, लोक बघतात.

म्हणून कराटेच्या क्लासात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट लाथ किंवा बुक्की नाही. ती आहे कियाय, म्हणजे फटक्याबरोबर पोटातून काढायचा आवाज. सुरुवातीला लाज वाटते. चाळिशीतली बाई आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभी राहून "एऽऽय" करते तेव्हा हॉलच्या दारातले पालक बघतातच. बघू द्या. महिनाभरात लाज जाते, पुढे आवाज आपोआप येऊ लागतो. मुंबईत तर हे निम्मं काम आहे. इथली गर्दी निर्दय नसते, तिला घाई असते. कुणी नुसतं किंचाळलं तर लोकांना वाटतं नवरा-बायकोचं भांडण असेल. त्यापेक्षा बोट दाखवून, कपड्याची खूण सांगून ओरडायचं: "ए निळा शर्ट! हात का लावलास? पकडा त्याला!" एवढ्यावर दहा माना वळतात आणि निळ्या शर्टाला पायऱ्या उतरणं जड जातं. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा घशातच अडकेल.

आता कराटेचं. उपयोग होतो, पण सगळ्याचा नाही, आणि क्लासात ज्या क्रमाने शिकवतात त्या क्रमाने तर नाहीच. याला इतिहास आहे. कराटे मूळचं ओकिनावा बेटाचं. जवळून भिडणाऱ्या, मनगट नाहीतर कॉलर धरणाऱ्या माणसापासून सुटायची ती विद्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आन्को इतोसू या गुरूंनी ती ओकिनावाच्या शाळांत नेली. पोरांना शिकवायची म्हणून सोपी केली, धोक्याचं मागे ठेवलं, रांगा केल्या. पुढे 1922 साली गिचिन फुनाकोशी यांनी टोकियोत प्रात्यक्षिक दाखवलं आणि ती जपानभर, मग जगभर गेली. तुमच्या हॉलमध्ये एका सुरात "इची, नी, सान" म्हणत पुढे-मागे सरकणाऱ्या रांगा दिसतात, त्या या शाळेच्या वळणाच्या. व्यायाम म्हणून उत्तम. पुलावरच्या माणसाला मात्र या रांगेशी देणंघेणं नसतं.

गंमत अशी की जुना माल काताच्या, म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या चालींच्या मालिकेच्या, आत अजून शाबूत आहे, फक्त कुणीतरी उघडून दाखवावा लागतो. शोतोकान शैलीच्या क्लासात पहिली काता बहुधा हेआन शोदान असते. तिच्यात सुरुवातीलाच एका ठिकाणी पुढे गेलेला हात मागे खेचून, वरून गोल फिरवून मुठीच्या कडेने खाली मारायचा असतो. मुलं ते हवेत करतात, सर कोपर सरळ करतात, पुढची चाल सुरू. पण ती चाल आहे मनगट धरलेल्या हाताची. तुमचं उजवं मनगट एखाद्याने घट्ट धरलंय असं समजा. आपण काय करतो? सरळ मागे ओढतो. त्यात त्याची चार बोटं आणि अख्खं वजन आपल्या विरुद्ध जातं, तो भारी असेल तर आपण हरतोच. आता त्याच्या पकडीकडे बघा. चार बोटांच्या बाजूला दार बंद आहे, पण अंगठा आणि बोटं जिथे भेटतात तिथे फट आहे. हात त्या फटीकडे वळवायचा, कोपर स्वतःच्या बरगडीला चिकटवायचं आणि ओढण्याऐवजी अर्धं पाऊल त्याच्याच दिशेने टाकायचं. जोर दंडाचा नको, कमरेचा लागतो. पकड सुटते तेव्हा तुमचा हात त्याच्या तोंडाच्या पातळीला आलेला असतो. तिथून खाली मारायचं की पळत सुटायचं, हे तुम्ही ठरवायचं. मी पळायला सांगेन.

तसंच ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी खेचतात, त्याला हिकिते म्हणतात. बहुतेक ठिकाणी "ताकद येते म्हणून" एवढंच सांगून भागवतात. पण त्या हाताने समोरच्याची बाही किंवा मनगट धरून त्याला आपल्याकडे ओढत दुसऱ्या हाताने मारायचं, असा या चालीचा एक जुना आणि सरळ अर्थ आहे. काताचा असा अर्थ जोडीदाराबरोबर सोडवून बघणं म्हणजे बुन्काई. तुमच्या सरांना पहिल्याच आठवड्यात विचारा, "सर, बुन्काई घेता का?" त्यांचा चेहरा खुलला तर क्लास लावा. "ते ब्राऊन बेल्टनंतर" म्हणाले तर जरा थांबा, दुसरीकडे चौकशी करा.

मुठीबद्दल एक सांगते. नुसत्या हाताने, बिनसरावाचा ठोसा डोक्यावर बसला तर करंगळीमागचं हाड मोडायची भीती असते. अस्थिरोगतज्ज्ञांकडे असे हात नेहमी येतात. तुम्हाला तर महिनाअखेरीला कीबोर्ड बडवायचाय. त्यापेक्षा तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग वापरा. कराटेत त्याला तेइशो म्हणतात. खालून हनुवटीवर नाहीतर सरळ नाकावर. अंतर त्याहून कमी असेल तर कोपर (एम्पी) आणि गुडघा. लाथ मारायची तर त्याच्या नडगीच्या वर जाऊ नका. डोक्यापर्यंत जाणारी मावाशी गेरी, म्हणजे गोल फिरवून मारलेली लाथ, बघायला झकास, पण पावसाळ्यात ओल्या पुलावर, खांद्याला डब्याची पिशवी आणि पायात सपाट चप्पल असताना पहिले तुम्हीच आडव्या व्हाल. आणि महिन्यातून एकदा तरी रोजच्या कपड्यांत, पर्स अडकवून सराव करा. सरांना हे विचित्र वाटलं तर कारण सांगा.

स्पर्धेचं कराटे हा आणखी वेगळाच मामला. टोकियो ऑलिंपिकमध्ये 2021 च्या ऑगस्टमध्ये पुरुषांच्या 75 किलोंवरच्या गटाची अंतिम लढत झाली. सौदीचा तारेग हमेदी 4-1 ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला अशी लागली की तो बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला जरुरीपेक्षा जोरात मारल्याबद्दल बाद केलं आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजजादेला सुवर्णपदक मिळालं. खेळ म्हणून निर्णय नियमाला धरूनच होता. ताबा ठेवायला शिकवतात म्हणून तर जोडीदार वर्षानुवर्षं धडधाकट राहतात. तुम्ही एवढंच लक्षात घ्या की फक्त गुणांसाठी खेळणारा विद्यार्थी टेकवून मागे येण्याची सवय पक्की करतो, आणि समोरचा दोन मीटरवर समोरासमोर उभा आहे हे गृहीत धरतो. तुमचा माणूस मागून आला होता.

तेव्हा फी भरायच्या आधी एक शनिवार हॉलच्या बाकावर बसून काढा. तासातला किती वेळ हवेत हात मारण्यात जातो आणि किती वेळ कुणीतरी पॅड धरून समोर असतं, ते बघा. कुणी कुणाला धरतं का? आणि धरलेल्याला सहज सुटू देतात, की सुटायला खरंच कष्ट पडतात? हा माझा सगळ्यात मोठा निकष. जोडीदार गुणी बाळासारखा हात सोडत असेल तर दहा वर्षं केलंत तरी तो नाच आहे. मोठ्या वयाच्या बायका आहेत का, नसतील तर तुमच्याबरोबर कोण उभं राहणार, हे विचारून घ्या. शिकवताना सर हात लावण्याआधी सांगतात का, तेही पाहा. बेल्टच्या परीक्षेची फी दर तीन महिन्यांनी किती, हे पहिल्याच दिवशी विचारा. पिवळा, नारिंगी, हिरवा करत रंगांचा खर्च मासिक फीच्या वर जातो, आणि "ब्लॅक बेल्ट हमखास" म्हणणाऱ्याचं दुकान असतं. तुमच्या सरांचा तीन-साडेतीन वर्षांचा अंदाज आठवड्यातून दोन दिवसांच्या मानाने मला घाईचा वाटतो. पण बेल्ट तुम्हाला हवाय कशाला? स्वसंरक्षणापुरतं बोलायचं तर चार-पाच गोष्टी सहा-आठ महिने घोटल्या तर अंगात बसतात. मग आवडलं तर करत राहा, काता म्हातारपणीही करता येते.

क्राव मागाबद्दल मैत्रिणीचं अगदीच चूक नाही. इस्रायलच्या सैनिकांना थोड्या वेळात तयार करायला ते बांधलं गेलं, म्हणून चाली कमी आणि थेट. पण दोन दिवसांच्या शिबिरातलं महिनाभरात विसरायला होतं, उरतो तो फोटो आणि प्रमाणपत्र. क्योकुशिन कराटेत अंगावर खरे फटके खायची सवय होते, मात्र तिथेही चेहऱ्यावर ठोसा मारायला बंदी असते. बॉक्सिंग चांगलं, ज्युदो चांगलं. माझ्या मते या सगळ्यांत श्रेष्ठ कला कुठली, तर जी घरापासून दहा मिनिटांवर आहे आणि जिला तुम्ही पावसातही जाल. विक्रोळीहून अंधेरीला आठवड्यातून दोनदा कोण जातंय? तेव्हा तुमचा शाळेचा हॉल वरच्या परीक्षेत निम्मा जरी पास झाला तरी तोच घ्या, आणि उरलेलं सरांकडून मागून घ्या.

गुडघा कुरकुरतो तर आधी डॉक्टरला दाखवा आणि सरांना सांगून ठेवा. झेन्कुत्सु-दाची, म्हणजे पुढचा पाय वाकवून उभं राहणं, फार खाली नको. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत कलायला नको. फरशीवर उड्या नकोत.

कुठलाच क्लास काय देत नाही, तेही ऐका. चाकू निघाला की कराटे संपलं. पर्स, मोबाईल, जे मागेल ते फेका आणि उलट्या दिशेने पळा. बाईकवरून मंगळसूत्र खेचलं तर धरून ठेवू नका, गळा कापतो आणि फरफटायला होतं. मिरचीचा स्प्रे घ्यायचा तर हातात, नाहीतर बाहेरच्या कप्प्यात ठेवा. डब्याखाली दडलेला स्प्रे सापडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं, आणि गाडीच्या बंद डब्यात मारलात तर चार बायका आणि तुम्ही सगळ्याच खोकत बसाल.

कायदा तुमच्या बाजूने आहे, हेही माहीत असू द्या, कारण "मी मारलं तर मलाच धरतील" या भीतीने हात उचलला जात नाही. भारतीय न्याय संहितेत खासगी संरक्षणाचा हक्क कलम 34 ते 44 मध्ये आहे. पहिला फटका खाईपर्यंत थांबायची सक्ती नाही. धोक्याची रास्त भीती वाटली की हक्क सुरू होतो. मात्र गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. तो खाली पडल्यावर वरून चार लाथा घातल्यात तर ते संरक्षण राहत नाही. पुलावर तुमच्या बाबतीत घडलं तो कलम 74 खालचा गुन्हा आहे, शिक्षा 1 ते 5 वर्षं. तक्रार अजूनही करता येईल. स्टेशनच्या हद्दीतलं प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे जातं, पण कुठल्याही पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. तेव्हाच्या तेव्हा मदत हवी तर 112, मुंबई पोलिसांची महिला हेल्पलाइन 103, रेल्वेत 139. तिन्ही आत्ताच फोनमध्ये घाला.

आता लिफ्ट.

"पण ते वेगळं" असं तुम्ही लिहिलंत. मला ते वेगळं वाटत नाही, अवघड वाटतं. पुलावरचा माणूस पुन्हा भेटणार नाही. साहेब उद्या सकाळी भेटतील, रजेच्या अर्जावर सही करतील. कराटेच्या जाहिरातीत हल्लेखोर नेहमी अनोळखी आणि अंधारातला असतो. प्रत्यक्षात बाईला त्रास देणारा बहुतेक वेळा तिच्या ओळखीचा निघतो. कॅनडात तीन विद्यापीठांतल्या 893 विद्यार्थिनींवर एक प्रयोग झाला, 2015 साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलींना एकूण 12 तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना नुसती माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्काराला बळी पडलेल्यांचं प्रमाण पत्रकवाल्यांमध्ये 9.8 टक्के, प्रशिक्षण घेतलेल्यांमध्ये 5.2. त्या 12 तासांत हात-पाय चालवणं होतं, पण थोडं. जास्त वेळ गेला ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका लवकर ओळखण्यात, आणि संकोच बाजूला सारून त्याला ठामपणे नाही म्हणण्यात.

कराटेत दोघांमधल्या अंतराला माआई म्हणतात आणि चांगला शिक्षक फटक्याआधी तेच शिकवतो: समोरचा कुठवर आला की आपण हलायचं. लिफ्टमध्ये ते असं वापरा. आत शिरल्यावर कोपऱ्यात जाऊ नका, बटणांच्या पॅनेलपाशी पाठ भिंतीला लावून उभ्या राहा. पर्स किंवा फाईल छातीपुढे, दोन्ही हातांत. हात खांद्याकडे येताना दिसला की बाजूला एक पाऊल, तळहात पुढे आणि नेहमीच्या आवाजात, हसू न आणता: "सर, हात लावू नका. मला आवडत नाही." कारण सांगायचं नाही, सॉरी म्हणायचं नाही. ते म्हणतील, "अरे, मी तर मुलीसारखी समजतो." त्यावर फक्त "हात लावू नका" एवढंच पुन्हा. लिफ्टमध्ये तिसरं कुणी असेल तर ऐकू जाईल असं. हेही क्लासातल्या एखाद्या बाईबरोबर म्हणून बघा. निळ्या शर्टापेक्षा हे वाक्य जड जाईल, मी आत्ताच सांगते.

आणि हे सगळं जमलं नाही तरी तक्रारीचा हक्क जात नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार 10 किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी आणि तिची अध्यक्ष बाई असावी लागते. तुमच्या कंपनीत ती आहे का, नावं कोणाची आहेत, हे नोटीस बोर्डवर असायला हवं. तक्रार लेखी द्यायची आणि शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांच्या आत. कारण पटलं तर समिती आणखी 3 महिने वाढवू शकते. चौकशी चालू असताना तुमची किंवा त्यांची बदली मागता येते. मिस्टरांना हे सांगितलंय की नाही, तुमच्या पत्रातून कळलं नाही. सांगितलं नसेल तर कराटेच्या परवानगीआधी हे सांगा, म्हणजे त्यांचं हसू थांबेल.

क्लासचं बघायला शनिवार आहे. लिफ्टमधले प्रसंग मात्र आज रात्रीच एका वहीत लिहून काढा: तारीख, वेळ, कितवा मजला, आत आणखी कोण होतं. शेवटची तारीख सगळ्यात आधी, कारण 3 महिने तिच्यापासून मोजायचेत.